उत्सवाची परवानगी आणि गल्लीची तक्रार : कोल्हापुरातील मंडळे व रहिवाशांसाठी कार्यपद्धती

कोल्हापुरात उत्सवच नको असे म्हणणारा रहिवासी क्वचितच भेटतो. ज्या घरातून रात्री उशिरा पोलिसांना फोन जातो, त्या घराने मंडळाची वर्गणी दिलेली असते आणि पुष्कळदा त्याच घरातला मुलगा मिरवणुकीत झेंडा घेऊन पुढे असतो. तक्रार असते ती डॉल्बीमुळे थरथरणाऱ्या खिडक्यांची, जिन्यात बसून दारू पिणाऱ्या अनोळखी टोळक्याची, दारासमोर आडव्या लावलेल्या गाड्यांची, आणि घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे झाले तर रिक्षा आत येईल का, या धास्तीची. हे सगळे मिरवणुकीच्या रात्री सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण त्या वेळी मंडळाचा अध्यक्ष गर्दीत हरवलेला असतो, पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि सांगणाऱ्याचा स्वरही चढलेला असतो. म्हणून पुढे दिलेली कार्यपद्धती एकाच गोष्टीवर उभी आहे : रहिवाशांची प्रत्येक रास्त तक्रार उत्सवाच्या आधी परवानगीतली अट म्हणून कागदावर उतरली पाहिजे, आणि त्या अटीला वेळ, जागा व उत्तरदायी माणूस जोडलेला असला पाहिजे.

हे केवळ गणेशोत्सवापुरते नाही. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, तिथीनुसार वैशाखात होणारी शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, आषाढातील मंगळवार-शुक्रवारच्या त्र्यंबोली यात्रा, मोहरमचे पंजे, गणपती, नवरात्र, आणि मध्येच फुटबॉलचा सामना जिंकल्यावर निघणारी उत्स्फूर्त फेरी, असे शहराचे वर्ष भरलेले असते आणि यातल्या बहुतेक मिरवणुका त्याच चार-दोन रस्त्यांवरून जातात. मंडळ आपली एक रात्र मोजते, तर रस्त्यालगतचे घर वर्षभराच्या रात्री मोजते. दोघांचे हिशेब वेगळे असल्याने एकाला दुसऱ्याची तक्रार नेहमीच अतिरेकी वाटते, हे दोन्ही बाजूंनी आधी समजून घेतलेले बरे.

तक्रारीची फोड

‘गणपतीत फार त्रास होतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. गल्लीतल्या दोन-तीन माणसांनी बसून त्या त्रासाची फोड करावी. आवाज, रस्ता अडणे, दारू पिऊन केलेली हुल्लडबाजी, महिला व मुलींची छेडछाड, भिंतीशी लघुशंका व कचरा, आणि वर्गणीची सक्ती, असे ढोबळ सहा प्रकार निघतात. प्रत्येक प्रकारासमोर तो कोठे होतो, किती वाजता होतो आणि कोणाकडून होतो हे लिहावे. ‘कोणाकडून’ हा रकाना मोकळेपणाने भरावा; कारण अनेकदा असे दिसते की मंडपासमोरच्या कार्यकर्त्यांचा त्रास थोडा असतो आणि खरा उपद्रव मागच्या बोळात गाड्या लावून बसलेल्या, मंडळाशी काही संबंध नसलेल्या लोकांचा असतो. तसे असेल तर मंडळ हे तक्रारीतील आरोपी राहत नाही, साक्षीदार होते, आणि बोलण्याचा सूरच बदलतो.

ही फोड करण्याचे दुसरे कारण असे की प्रत्येक प्रकाराला उत्तर देणारे कार्यालय वेगळे आहे. रस्त्यावरील मंडप आणि कमान हा महानगरपालिकेचा विषय आहे; आवाज आणि वर्तन पोलिसांचा; दारूची दुकाने बंद ठेवण्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा; वर्गणीची परवानगी धर्मादाय कार्यालयाची. एकच अर्ज सगळ्यांना पाठवला की प्रत्येकजण तो दुसऱ्याकडे वर्ग करतो आणि उत्सव उरकून जातो.

परवानगी कोणाकडून आणि तिच्यात काय असते

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३४ नुसार सणा-समारंभाच्या निमित्ताने रस्त्यावर तात्पुरता मंडप किंवा अन्य बांधकाम उभारण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि तीत पोलिसांची सहमती अभिप्रेत असते. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. याशिवाय महावितरणची तात्पुरती जोडणी आणि महाप्रसाद असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडील नोंदणी असे कागद असतात. ‘एक खिडकी’ व्यवस्था असली तरी तिथे कागद एकत्र स्वीकारले जातात. निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो, हे अर्जदाराने ध्यानात ठेवावे.

पोलीस परवानगीच्या मागच्या बाजूस छापील अटींची लांबलचक यादी असते आणि ती कोणी वाचत नाही, हे उघड गुपित आहे. ती यादी सर्व मंडळांना एकच असल्यामुळे तुमच्या गल्लीत कोणत्या वळणावर रुग्णवाहिका अडते किंवा कोणत्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, याचा तीत पत्ता नसतो. रहिवाशांनी मागायचे असते ते या छापील यादीला जोडलेले एक पान, ज्यावर फक्त त्या जागेच्या अटी असतील. असे पान मागायला कायद्याची काही आडकाठी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३३ व ३६ पोलिसांना रस्त्यावरील वाद्ये, मिरवणुका व गर्दी यांचे नियमन करण्याचा पुरेसा अधिकार देतात, आणि कलम ३८ नुसार लोकांना गंभीर त्रास होत असेल तर चालू असलेले संगीत किंवा आवाज थांबवण्याचा आदेशही काढता येतो.

बैठक केव्हा आणि कशी

शांतता समितीची बैठक उत्सव तोंडावर आल्यावर होते. तिथे सत्कार होतात, सूचना होतात, चहा होतो, आणि तोपर्यंत मंडळाने साऊंडवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाकलेली असते. एकदा आगाऊ रक्कम गेली की तडजोडीला जागा राहत नाही. म्हणून गल्लीपातळीवरची बैठक निदान दीड-दोन महिने आधी, म्हणजे साऊंड, लाईट आणि ट्रॉली यांचे बुकिंग होण्यापूर्वी घ्यावी. गणपतीसाठी याचा अर्थ आषाढात बसावे लागेल, आणि आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रांमुळे मंडळे एकत्र आलेलीच असतात, तेव्हा वेळही सोयीची पडते.

बैठकीची जागा तालीम, म्हणजे मंडळाचे कार्यकर्ते जमतात तो आखाडा, असावी की नसावी यावर वाद होतो. माझ्या मते तालमीत जरूर बसावे, पण पहिली बैठक नव्हे. तालमीच्या दारात उभे राहून महिला, भाडेकरू आणि म्हातारी माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत. पहिली बैठक एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा सोसायटीच्या गच्चीवर घ्यावी, तिथे फोड केलेली तक्रार नक्की करावी, आणि मगच दोन-तीन प्रतिनिधींनी मंडळाच्या कार्यकारिणीसमोर जावे. या प्रतिनिधींत एक महिला आणि एक मंडळाचाच जुना, आता वयस्क झालेला कार्यकर्ता असला तर अर्धे काम झाले असे समजावे. पेठेत ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या शब्दाला अध्यक्षापेक्षा जास्त वजन असते.

मंडळासमोर जाताना मागण्या थोड्या ठेवाव्यात. सकाळ-संध्याकाळची आरती, देखावा पाहायला येणारी गर्दी, मिरवणुकीच्या दिवशी बंद राहणारा रस्ता, हे सहन करायचेच आहे असे आधीच सांगून टाकावे. त्यानंतर ज्या चार-पाच गोष्टी सोडायच्या नाहीत त्या मांडाव्यात. ज्या बैठकीत रहिवासी वीस मागण्या घेऊन येतात, तिथे मंडळ वीसच्या वीस ऐकून घेते आणि एकही पाळत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हणायला हवी. अटी सर्व मंडळांना सारख्या असाव्यात. ज्या मंडळामागे नगरसेवक किंवा आमदार उभा आहे त्याला सूट, आणि दुसऱ्या धर्माच्या किंवा दुसऱ्या वस्तीच्या मिरवणुकीला मात्र नियमाची पट्टी, असे झाले की पुढच्या वर्षी कोणतीच अट कोणीच मानत नाही. रहिवाशांच्या प्रतिनिधींनीही आपली तक्रार तपासून पाहावी : हीच मागणी आपण आपल्या जवळच्या मंडळाकडे केली असती का?

आवाजाची अट कशी लिहावी

सर्वाधिक वाद आवाजावरून होतो आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच बाबतीत आहेत, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५, आणि शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावला असेल तर त्या जागेच्या सीमेवर आवाज क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी तो ओलांडता कामा नये. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५ आणि महाद्वार रोडसारखा बाजाराचा रस्ता व्यापारी धरला तर ७५. डॉल्बीच्या समोर उभे राहिलेल्या कोणालाही हे आकडे किती दूरचे आहेत ते कळेल.

रात्री दहानंतर बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते आणि ते दिवस आधी जाहीर होतात. ही सवलत फक्त वेळेची आहे. डेसिबलची मर्यादा त्या दोन तासांतही लागूच राहते, आणि बारा ते सहा या वेळेत मोकळ्या जागेवरील ध्वनिक्षेपकाला सवलत नाही. आपल्या उत्सवाचा दिवस त्या यादीत आहे की नाही हे मंडळाने व रहिवाशांनी दोघांनीही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशावरून पाहून घ्यावे. ‘सणाचा दिवस आहे, चालते’ हा समज वादाचे मूळ ठरतो.

‘आम्ही डॉल्बी लावत नाही, आमचे पारंपरिक वाद्य आहे’ असे अनेक मंडळे सांगतात. हलगी, ढोल-ताशा, पी-ढबाक यांना पाठिंबा द्यावाच. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्ये व आवाज निर्माण करणारी इतर साधनेही येतात. शंभर ढोलांचे पथक अरुंद गल्लीत रात्री अकराला वाजत असेल तर ते पारंपरिक असल्यामुळे नियमाबाहेर जात नाही.

शांतता क्षेत्राबाबत आणखी एक बारकावा आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र होतो असे पुष्कळांना वाटते, पण २०१७ च्या दुरुस्तीने राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय तो दर्जा लागू होत नाही असे ठरवले. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालय आहे आणि समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. अशा ठिकाणाजवळच्या मंडळांनी व रहिवाशांनी आपला नेमका पट्टा अधिसूचनेत आहे का, हे महापालिका व पोलिसांना लेखी विचारून घ्यावे. उत्तर काहीही आले तरी रुग्णालयासमोरून जाताना ध्वनिक्षेपक बंद आणि वाद्ये थांबलेली, ही अट मंडळाने स्वतःहून लिहून द्यावी. तिला विरोध करणारा कार्यकर्ता मला अद्याप भेटलेला नाही.

आता मोजणीविषयी. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की मोजपट्टीवर फक्त ३ डेसिबल वाढतात, दसपट झाली की १०. म्हणून चारऐवजी दोन बॉक्स लावले तर आवाज निम्मा होईल या समजुतीत केलेला करार फसतो. आकडा अवघ्या ३ ने उतरतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, मात्र शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या दोन्हीकडे भिंती असलेल्या गल्लीत तो परावर्तित होत राहतो आणि तितका घटत नाही. शिवाय नियमातील डेसिबलचे माप माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेले असल्याने बेसचा खोल ठोका त्यात कमी धरला जातो. मीटर मर्यादेजवळ दाखवत असतानाही भांडी वाजतात, छातीत धडधडते, ते यामुळेच. बेस भिंती भेदून जातो, खिडकी लावून तो थांबत नाही.

म्हणून ‘आवाज मर्यादेत ठेवावा’ अशी अट निरुपयोगी आहे. तिच्या जागी अशी भाषा वापरावी : ‘मंडपाजवळ बेसचे दोनपेक्षा जास्त बॉक्स लावले जाणार नाहीत, बॉक्सची तोंडे मैदानाकडे राहतील, रहिवासी इमारतींकडे नाहीत, मिरवणुकीत एकाच वाहनावर साऊंड राहील, रात्री पावणेदहाला आवाज उतरवण्यास सुरुवात होऊन दहा वाजता बंद होईल, याची जबाबदारी अमुक पदाधिकाऱ्याची राहील.’ संख्या मोजायला मीटर लागत नाही. खाली उतरून बोट दाखवून मोजता येते, आणि पोलिसांनाही ते रात्रीच्या गडबडीत तपासता येते. ही अट साऊंडवाल्याच्या करारपत्रातही घालावी आणि अट मोडल्यास उरलेली रक्कम दिली जाणार नाही असे त्यात लिहावे. साऊंडवाला मंडळाचे ऐकतो, शेजाऱ्यांचे ऐकत नाही.

मोबाईलवरील आवाज मोजण्याची ॲप प्रमाणित नसतात, त्यामुळे त्यांचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही. त्यांचा उपयोग कालच्यापेक्षा आज कमी की जास्त एवढेच पाहण्यापुरता करावा. प्रमाणित मोजणी पोलीस किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून होऊ शकते. ती हवी असेल तर तसा लेखी अर्ज आधीच द्यावा आणि कोणत्या घराच्या खिडकीपाशी मोजायचे ते त्यात नमूद करावे.

लेझरच्या झोताबद्दल वेगळे सांगायला नको, पण अटीत एक ओळ असावी : प्रखर लेझर प्रेक्षकांच्या किंवा घरांच्या दिशेने सोडला जाणार नाही. डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा पुष्कळदा भरून येत नाही.

हुल्लडबाजी कोठे होते

आवाज बंद करता येतो. माणसांचे वर्तन बंद करण्याचे बटण नसते. त्यासाठी जागा आणि वेळ ओळखावी लागते. अनुभव असा की मूर्तीसमोर, जिथे दिवे आहेत आणि ओळखीचे लोक आहेत, तिथे गैरप्रकार कमी होतात. ते होतात मागच्या बोळात, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत, शाळेच्या पटांगणात आणि मिरवणूक खोळंबते तिथे. विसर्जन मिरवणूक मिरजकर तिकटीकडून बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश या क्रमाने पुढे सरकते आणि वाटेत पान-सुपारी व नारळ देणाऱ्या स्वागत मंडपांसमोर प्रत्येक मंडळ रेंगाळते. पुढचे मंडळ हलले नाही की मागच्या गल्लीत शेकडो तरुण तासन्‌तास नुसते उभे राहतात. रात्री बाराला ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर मिरवणूक संपत नाही. संगीत नसलेली, थकलेली आणि काही प्रमाणात प्यायलेली गर्दी रस्त्यावर राहते. तक्रारींचा खरा काळ तोच असतो.

यावरचे उपाय फार मोठे नाहीत, फक्त ते कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे लागतात. मागच्या बोळात उत्सवाच्या काळात तात्पुरते दिवे लावण्याचा खर्च मंडळाने रोषणाईच्या खर्चातून करावा. महापालिकेकडे फिरत्या शौचालयाची मागणी लेखी करावी आणि ते कोठे उभे राहील हे नकाशावर दाखवावे, नाहीतर ते मंडपापासून लांब उभे राहते आणि भिंती पूर्वीप्रमाणेच ओल्या होतात. मंडळाचे स्वयंसेवक टी-शर्ट घालून मूर्तीभोवतीच दाटी करतात. त्यांतले निदान चार जण बोळाच्या दोन्ही तोंडांना, मिरवणूक पुढे गेल्यानंतरही तासभर, थांबतील असे ठरवावे. त्यांचे काम अडवणे किंवा मारहाण करणे नाही. लक्ष ठेवणे, समजावणे आणि न ऐकल्यास पोलिसांना कळवणे एवढेच आहे. स्वयंसेवकांना पोलिसांचा अधिकार नसतो, आणि तसा आव आणणारा स्वयंसेवक हीच पुढे वेगळी तक्रार होते.

स्वागत मंडपांबाबत रहिवासी सहसा बोलत नाहीत, कारण त्यांच्यामागे राजकीय पक्ष असतात. पण खोळंबा तिथेच तयार होतो. एका मंडळाने एका स्वागत मंडपासमोर किती मिनिटे थांबायचे हे आधी ठरवून पोलिसांच्या मिरवणूक आराखड्यात घालावे, अशी मागणी पेठांतील सर्व मंडळांनी मिळून केली तर ती कोणत्याही पक्षाविरुद्ध राहत नाही.

दारूच्या संदर्भात कायदा पुरेसा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १४२ नुसार शांततेसाठी जिल्हाधिकारी मद्यविक्री बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, आणि सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन केल्यास कलम ८५ लागू होते. परंतु दुकाने बंद असली तरी आदल्या दिवशी घेऊन ठेवलेली बाटली कोणी रोखू शकत नाही. म्हणून मंडळाच्या वाहनात, ट्रॉलीवर किंवा मंडपामागे दारू सापडल्यास तो सदस्य त्या वर्षी मिरवणुकीत राहणार नाही, असा ठराव कार्यकारिणीने स्वतः करावा. बाहेरच्या कलमापेक्षा घरच्या ठरावाची भीती तरुण कार्यकर्त्याला अधिक वाटते.

छेडछाडीची तक्रार मात्र मंडळाच्या तडजोडीत कधीही बसवू नये. ‘आपलाच पोरगा आहे, समजावतो’ असे म्हणून ती मिटवणे हा गुन्हा दडपण्याचा प्रकार आहे. अशी घटना थेट पोलिसांकडे जाईल, आणि मंडळ तक्रारदार मुलीवर दबाव आणणार नाही, हे अटींच्या पानावर पहिल्या ओळीत असावे. वारंवार उपद्रव देणाऱ्या ठरावीक व्यक्तींबाबत पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १२६ खाली प्रतिबंधात्मक कारवाई प्रस्तावित करता येते. त्यासाठी मागील वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात, ऐकीव नावांवर ती टिकत नाही.

त्या रात्री

उत्सवाच्या काळात गल्लीचा एक आणि मंडळाचा एक असे दोन फोन क्रमांक चालू राहावेत, आणि मंडळाचा फोन ज्याच्याकडे आहे तो माणूस मिरवणुकीत नाचत नसावा. हे हास्यास्पद वाटेल, पण डॉल्बीसमोर उभ्या असलेल्या माणसाला फोनची घंटा ऐकू येत नाही. पहिला फोन मंडळाला करावा. पंधरा-वीस मिनिटांत फरक पडला नाही तर ११२ वर किंवा आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी किंवा राजारामपुरी यांपैकी जे असेल तिथे, कळवावे. मारामारी, छेडछाड किंवा वैद्यकीय अडचण असेल तर मंडळाची वाट न पाहता थेट ११२.

एकट्याने खाली उतरून गर्दीशी वाद घालू नये. तक्रार करताना वेळ, नेमकी जागा, प्रकार आणि कोणती अट मोडली जात आहे ते सांगावे. ‘अटींच्या पानावरील तिसरी अट, साऊंड दहा वाजता बंद’ असे म्हटले की फोन घेणाऱ्यालाही काय तपासायचे ते कळते. नाव सांगायची भीती वाटत असल्यास हे माहीत असावे की मुंबईतील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे म्हटले आणि आवाजाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करण्याचे निर्देश पोलिसांना दिले. प्रत्येक तक्रारीची नोंद एका वहीत ठेवावी : वेळ, प्रकार, कोणाला कळवले, किती वेळाने काय झाले. चित्रीकरण करायचे तर आपल्या खिडकीतून करावे आणि ते गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. तिथे एकदा चेहरे फिरू लागले की आवाजाचा प्रश्न मागे पडून दोन घराण्यांचे भांडण सुरू होते.

उत्सवानंतर

विसर्जनानंतर पंधरवड्याच्या आत, आठवणी ताज्या असताना, दोन्ही बाजूंनी पुन्हा बसावे. वहीतील नोंदी वाचाव्यात आणि प्रत्येक अटीसमोर ‘पाळली’, ‘अंशतः पाळली’, ‘मोडली’ असे लिहावे. मंडळालाही बोलू द्यावे. कधी साऊंड खरोखर दहाला बंद झालेला असतो आणि तक्रार शेजारच्या मंडळाच्या आवाजाची असते, कधी एकच गृहस्थ रोज चार फोन करतात आणि ज्या दिवशी मंडप रिकामा होता त्या दिवशीचीही त्यांची तक्रार असते. अशा तक्रारी वहीतून वगळाव्यात, कारण त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारींचे वजन कमी होते.

अटी सरळ मोडल्या गेल्या आणि कारवाई झाली नाही, तर पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिच्यासोबत अटींचे पान व वहीची प्रत जोडावी. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असल्यास, अथवा रात्रीची बंदी मोडली गेल्यास, ध्वनिप्रदूषण नियमांतील नियम ७ नुसार नागरिकाला प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. काय कारवाई झाली हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि त्यावर ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. रस्त्यावरचा कायमस्वरूपी उपद्रव, उदाहरणार्थ उत्सव संपूनही न काढलेला मंडप किंवा कमान, याबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे. न्यायालयाची पायरी शेवटी चढावी.

ज्या मंडळाने अटी पाळल्या त्याच्यासाठीही एक कागद करावा. रहिवाशांच्या सह्यांचे, कोणत्या अटी कशा पाळल्या गेल्या हे सांगणारे पत्र संबंधित पोलीस ठाण्याला व महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला द्यावे आणि त्याची पोच मंडळाला द्यावी. पुढच्या वर्षी तेच मंडळ मोठ्या मंडपासाठी किंवा जास्त दिवसांच्या परवानगीसाठी अर्ज करील तेव्हा हे पत्र अर्जाला जोडता येते, आणि शेजारच्या गल्लीतल्या मंडळालाही असे पत्र हवेसे वाटू लागते. वही, अटींचे पान आणि पत्राची पोच या तिन्हींच्या प्रती एका माणसाच्या कपाटात न ठेवता मंडळाच्या दप्तरात आणि रहिवाशांच्या प्रतिनिधीकडे अशा दोन ठिकाणी ठेवाव्यात, कारण पदाधिकारी बदलतात, पोलीस निरीक्षकांची बदली होते, आणि पुढच्या आषाढात बैठकीला बसणारी माणसे बहुधा वेगळी असतात.